न मागितलेला घटस्फोट: नस्र अबू झैद खटल्याचा अभ्यास

या खटल्यात नवऱ्याची तक्रार नव्हती आणि बायकोचीही नव्हती. तरीही १४ जून १९९५ रोजी कैरोच्या अपील न्यायालयाने दोघांचं लग्न मोडल्याचं जाहीर केलं. नवरा म्हणजे नस्र हामिद अबू झैद, कैरो विद्यापीठाच्या अरबी विभागात कुरआनाचा अभ्यास शिकवणारे प्राध्यापक. बायको इब्तिहाल युनिस, त्याच विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकवणाऱ्या. लग्नाला जेमतेम तीन वर्षं झालेली. अर्ज केला होता काही वकिलांनी, ज्यांचं या जोडप्याशी ना नातं, ना देणंघेणं. त्यांचं म्हणणं एवढंच: या माणसाची पुस्तकं वाचली की तो इस्लाममधून बाहेर पडलाय हे दिसतं, आणि इस्लाम सोडलेल्या माणसाला मुसलमान बाई बायको म्हणून ठेवता येत नाही.

हे प्रकरण बहुतेक वेळा ‘विचारस्वातंत्र्य विरुद्ध धर्मांधता’ या चौकटीत सांगितलं जातं. मीही बरीच वर्षं ते तसंच सांगत आलो. ती चौकट खोटी नाही, पण तिच्यात मूळ गंमत हरवते. इजिप्तच्या दंडसंहितेत धर्मत्याग हा गुन्हाच नव्हता. अबू झैद यांच्यावर त्यासाठी फौजदारी खटला भरणं कुणालाही शक्य नव्हतं. त्यांच्या कुरआनविषयक मतांचा निवाडा झाला तो कौटुंबिक न्यायालयात, कारण शरीयत लागू असलेलं दालन तेवढंच उरलं होतं. आणि ते दालन कुणा मुल्लाने नव्हे, आधुनिक इजिप्शियन राज्यसंस्थेने बांधलं होतं.

वायरलेस दुरुस्त करणारा हाफिज

अबू झैद यांचा जन्म १० जुलै १९४३ चा, नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या तांता शहराजवळ कुहाफा नावाच्या खेड्यातला. आठव्या वर्षी अख्खा कुरआन तोंडपाठ. चौदाव्या वर्षी वडील गेले, घराची जबाबदारी अंगावर आली, आणि या मुलाने तांत्रिक शिक्षण घेऊन दळणवळण खात्यात तंत्रज्ञाची नोकरी धरली. ती सुमारे बारा वर्षं केली. नोकरी सांभाळत कैरो विद्यापीठात शिकून १९७२ मध्ये अरबीची पदवी मिळवली तेव्हा वय एकोणतीस होतं.

विभागाने त्यांना सहायक म्हणून घेतलं, पण अट अशी की इस्लामी अभ्यास हाच विषय घ्यायचा. ते कचरले, आणि कचरायला कारण होतं. याच विद्यापीठात १९४७ मध्ये मुहम्मद अहमद खलफल्लाह यांनी कुरआनातल्या कथांच्या कथनकलेवर प्रबंध लिहिला होता. कथा इतिहास म्हणून नव्हे, बोध म्हणून वाचाव्यात, असा त्यांचा रोख होता. प्रबंध फेटाळला गेला आणि त्यांचे मार्गदर्शक अमीन अल-खूली यांना कुरआनाचा विषय शिकवण्यास मनाई झाली. त्याआधी १९२५ मध्ये अली अब्द अल-राझिक यांनी खिलाफत ही धर्माची गरज नाही असं लिहिल्यावर अल-अझहर या कैरोच्या जुन्या धर्मविद्यापीठाने त्यांची आलिम, म्हणजे धर्मपंडित, ही मान्यता काढून घेतली. लगोलग १९२६ मध्ये इस्लामपूर्व अरबी काव्याच्या खरेपणावर शंका घेणारं ताहा हुसेन यांचं पुस्तक आलं आणि प्रकरण सरकारी वकिलाकडे गेलं.

या शेवटच्या प्रकरणावर क्षणभर थांबायला हवं. मुहम्मद नूर हे ते सरकारी वकील. त्यांनी पुस्तक बारकाईने वाचलं, ताहा हुसेन यांच्या पुराव्यांतल्या उणिवा दाखवल्या, त्यांना खडे बोलही सुनावले, आणि १९२७ मध्ये फाईल बंद केली: लेखकाचा हेतू अभ्यासाचा होता, गुन्ह्याचा नव्हता. चुकीचा अभ्यास आणि धर्मद्रोह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वकिलाला कळत होतं. सत्तर वर्षांनी न्यायाधीशांच्या पीठाला हा फरक करता आला नाही.

पुस्तकांत होतं काय?

अबू झैद यांनी एमएला विषय घेतला मुअतझिला या जुन्या बुद्धिवादी पंथाचा रूपकविचार, आणि पीएचडीला सूफी इब्न अरबी यांची अर्थनिर्णयपद्धती. मधली दोनेक वर्षं फिलाडेल्फियात गेली. तिथे पाश्चात्त्य अर्थनिर्णयशास्त्राचं वाचन झालं. पुढे १९८५ ते १९८९ ते जपानमध्ये ओसाकाला अरबी शिकवत होते. ज्या पुस्तकावरून पुढे रान उठलं ते ‘मफहूम अल-नस्स’, म्हणजे ‘संहितेची संकल्पना’, या जपानच्या मुक्कामात आकाराला आलं आणि १९९० मध्ये निघालं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. कुरआन ईश्वराकडून आला हे ते नाकारत नाहीत. पण तो आला माणसांच्या भाषेत, सातव्या शतकातल्या अरबीत, तेवीस वर्षांत टप्प्याटप्प्याने, त्या त्या वेळच्या प्रश्नांना उत्तरं देत. म्हणजे भाषेत उतरल्या क्षणापासून ती एक भाषिक संहिता आहे आणि भाषेला लागू होणारे वाचनाचे नियम तिलाही लागू होतात. शिवाय हे काही त्यांनी युरोपातून उचलून आणलेलं नव्हतं. कोणती आयत कोणत्या प्रसंगी आली, मक्केतली कोणती, मदिनेतली कोणती, कोणत्या नंतरच्या आयतीने आधीच्या आयतीचा हुकूम मागे घेतला, हे सगळं जुन्या उलेमांनीच शास्त्र म्हणून रचून ठेवलंय. अबू झैद त्या उलेमांना एवढंच म्हणत होते, की तुमची शास्त्रंच सांगतात की ही संहिता काळाशी बोलत होती, तर मग त्या बोलण्यातून निघणारा निष्कर्ष का टाळता?

या मांडणीत त्यांनी एक शब्दप्रयोग वापरला: ‘मुन्तज सकाफी’, संस्कृतीने घडवलेली गोष्ट. पुढची सगळी दगडफेक या दोन शब्दांवर झाली. लगेच त्यांनी दुसरी बाजूही लिहिली होती, की नंतर हीच संहिता संस्कृती घडवणारी ठरली. ते अर्धं वाक्य फारसं कुणी उद्धृत केलं नाही.

दुसरा मुद्दा वारसाहक्काचा. मुलीला मुलाच्या निम्मा वाटा, हे कुरआनात स्पष्ट आहे. अबू झैद शब्दाचा अर्थ आणि त्या अर्थाची दिशा असा भेद करत. जिथे बाईला काहीच मिळत नव्हतं किंवा तीच वारशातली वस्तू होती, तिथे निम्मा वाटा देणं ही एका दिशेने उचललेली पावलं होती. आज त्या दिशेने चालायचं की त्याच पावलावर उभं राहायचं, हा प्रश्न त्यांनी विचारला.

मराठी वाचकाला या वादाचा गाभा परका वाटू नये. वेद अपौरुषेय आहेत, शब्द नित्य आहे, वेदाला कर्ताच नाही, असं मीमांसक म्हणत. नैयायिक म्हणत की शब्द उत्पन्न होतो आणि नाश पावतो. वेद प्रमाण आहेत ते ईश्वर त्यांचा वक्ता आहे म्हणून. दोन्ही पक्ष वेद मानणारेच. इस्लाममध्ये मुअतझिला म्हणत की ईश्वराचं बोलणं ही त्याची कृती आहे, म्हणून कुरआन काळात निर्माण झाला. हंबली आणि अशअरी हे परंपरावादी पंथ म्हणत की ईश्वराची वाणी हा त्याचा अनादी गुण आहे. फरक पडला तो सत्तेमुळे. इ.स. ८३३ मध्ये खलिफा अल-मामूनने ‘कुरआन निर्मित आहे’ हे मत काझी आणि विद्वानांवर लादायला सुरुवात केली, न मानणाऱ्यांची चौकशी लावली, आणि इमाम अहमद इब्न हंबल यांनी तुरुंग आणि फटके सोसले. म्हणजे दरबाराच्या जोरावर मतं तपासायचं काम तेव्हा बुद्धिवादी म्हणवणाऱ्यांच्या नावाने झालं होतं. पुढे पारडं फिरलं, मुअतझिलांचं मत बाद ठरलं आणि नुसता हरलेला पक्ष न राहता संशयास्पद पक्ष झालं. अबू झैद हा हरलेला पक्ष विद्यापीठात परत आणत होते.

त्यांच्या लेखनात चुका नव्हत्या असं नाही. सुन्नी कायदेपंथांपैकी एकाचे प्रवर्तक इमाम शाफई यांच्यावरच्या छोट्या पुस्तकात त्यांनी शाफईंचा उमय्या या खलिफा घराण्याच्या सत्तेशी सहकार्याचा संबंध जोडला. उमय्या सत्ता इ.स. ७५० मध्ये बुडाली आणि शाफई जन्मले ७६७ मध्ये! विरोधकांनी हे अलगद पकडलं. एका चांगल्या परीक्षणात अशी चूक दाखवून लेखकाला शरमेने मान खाली घालायला लावता आली असती. इजिप्तमध्ये तिचा उपयोग लेखकाचा धर्म तपासण्याच्या पुराव्यासारखा झाला.

बढतीची फाईल

मे १९९२ मध्ये अबू झैद यांनी पूर्ण प्राध्यापकपदासाठी अर्ज केला आणि आपली पुस्तकं, लेख जोडले. तीन परीक्षकांनी ते वाचले. दोघांनी शिफारस केली. तिसरे होते अब्द अल-सबूर शाहीन: दार अल-उलूम या विद्याशाखेत प्राध्यापक आणि कैरोच्या जुन्या अम्र इब्न अल-आस मशिदीत शुक्रवारचं प्रवचन देणारे खतीब. त्यांचा अहवाल अभ्यासाच्या दर्जावर कमी आणि अर्जदाराच्या श्रद्धेवर जास्त होता. तेरा जणांच्या समितीत मतदान होऊन सात विरुद्ध सहा अशा फरकाने बढती नाकारली गेली. मार्च १९९३ मध्ये विद्यापीठानेही त्यावर शिक्का मारला.

इथे पैशाचाही एक धागा आहे, आणि परदेशी वृत्तांतांत तो बहुधा एका ओळीत उरकला जातो. ऐंशीच्या दशकात इजिप्तमध्ये ‘इस्लामी गुंतवणूक कंपन्या’ फोफावल्या. आखाती देशांत राबणाऱ्या लोकांनी घरी पाठवलेला पैसा या कंपन्यांत जाई. बँकेचं व्याज हराम, आमचा नफा हलाल, अशी जाहिरात असे. दशकाच्या शेवटी डोलारा कोसळला आणि असंख्य घरांची पुंजी बुडाली. आपल्याकडे चिटफंड आणि पतसंस्थांच्या पायऱ्यांवर बसलेली म्हातारी माणसं ज्यांनी पाहिलीत त्यांना वेगळं सांगायला नको. यातली मोठी कंपनी अल-रय्यान. शाहीन तिचे धार्मिक सल्लागार होते. अबू झैद यांनी १९९२ च्या ‘नक्द अल-खिताब अल-दीनी’ या पुस्तकात, म्हणजे धार्मिक वाङ्मयव्यवहाराच्या टीकेत, या कंपन्यांना धर्माचं कवच पुरवणाऱ्यांवर बोट ठेवलं होतं. तेच पुस्तक परीक्षणासाठी शाहीन यांच्या टेबलावर आलं. हितसंबंधाचा इतका उघड प्रश्न असताना त्यांना परीक्षक ठेवलंच कसं, याचं समाधानकारक उत्तर मला कुठे दिसलं नाही.

त्या पुस्तकातलं आणखी एक विधान अधिक बोचरं होतं. अबू झैद म्हणत की टीव्हीवरचे ‘मध्यममार्गी’ धर्मपंडित आणि हातात बंदूक घेतलेले अतिरेकी यांच्यात फरक मात्रेचा आहे, जातीचा नाही. दोघेही मानवी अर्थनिर्णयाला थेट ईश्वराचा शब्द म्हणून पुढे करतात. राष्ट्राध्यक्ष मुबारक यांच्या सरकारचं सगळं राजकारण नेमक्या या फरकावर उभं होतं. अतिरेक्यांशी लढायला पोलीस, आणि धर्माची बाजू सांभाळायला अल-अझहर व सरकारी वाहिन्यांवरचे शेख. आपण अतिरेक्यांपेक्षा कमी मुसलमान नाही हे दाखवण्याच्या नादात सरकारने या शेखांना जागा करून दिली होती. त्यामुळे अबू झैद यांच्या टीकेने सरकारचीच पंचाईत होत होती, आणि कठीण प्रसंगी सरकार त्यांच्या मागे ठामपणे उभं राहिलं नाही यात मला आश्चर्य वाटत नाही.

वातावरण कसं होतं? बढतीचा अर्ज दिल्यानंतर महिन्याभरात, ८ जून १९९२ रोजी, लेखक फरग फोदा यांना कैरोत त्यांच्या कार्यालयाबाहेर गोळ्या घालण्यात आल्या. त्या खुनाच्या खटल्यात १९९३ च्या जूनमध्ये मुहम्मद अल-गझाली साक्षीला आले. हे काही गुहेत लपलेले जहाल नेते नव्हते, तर मवाळ म्हणून नाव असलेले मोठे आलिम. त्यांनी सांगितलं की मुर्तदाला, म्हणजे इस्लाम सोडलेल्याला, कुणी परस्पर मारलं तर तो राज्याचा अधिकार आपल्या हाती घेतो, पण इस्लाममध्ये त्यासाठी शिक्षा सांगितलेली नाही. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये नोबेल विजेते नगीब महफूझ यांच्या मानेत सुरा खुपसला गेला, ते वाचले. अशा शहरात एखाद्याला ‘मुर्तद’ म्हणणं हे मतप्रदर्शन राहत नाही. २ एप्रिल १९९३ च्या शुक्रवारी शाहीन यांनी मशिदीच्या मिंबरावरून, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावरून, अबू झैद यांच्याबद्दल तेच सांगितलं, आणि मग इतर मशिदींतूनही ते ऐकू येऊ लागलं. त्या कुहाफा गावातल्या मशिदीही त्यात होत्या, जिथे नस्र लहानपणी कुरआन म्हणायला बसत असे.

एकच दालन

आता कायद्याकडे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इजिप्तने फ्रेंच धाटणीचे कायदे आणले. व्यापार, करार, फौजदारी हे सगळं शरीयतीच्या हातून गेलं. उरलं लग्न, तलाक, वारसा, पालकत्व. ज्याला आपण ‘पर्सनल लॉ’ म्हणतो, तो विभाग असा जन्माला आला. जुन्या फिक्हच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या, ग्रंथांत असा वेगळा कप्पा नव्हताच. १९३१ च्या ७८ क्रमांकाच्या कायद्यात कलम २८० होतं: लिखित तरतूद नसेल तिथे काझीने इमाम अबू हनीफा यांच्या पंथातलं सर्वांत ग्राह्य मत लावावं. १९५५ मध्ये नासरच्या सरकारने शरीयत न्यायालयंच बंद केली आणि त्यांचं काम साध्या दिवाणी न्यायाधीशांकडे दिलं, पण हे कलम तसंच ठेवलं. आधुनिकीकरणाचं मोठं पाऊल म्हणून त्याचं कौतुक झालं. परिणाम असा, की फिक्हची परंपरा न शिकलेला कायद्याचा पदवीधर हनफी ग्रंथातलं वाक्य कलमासारखं उचलून लावू लागला.

याच दारातून वकील आत शिरले. त्यांच्या हातातली किल्ली म्हणजे ‘हिस्बा’. ‘भल्याचा आदेश द्या, वाइटाला आवरा’ या कुरआनातल्या आज्ञेवर आधारलेली ही कल्पना. जुन्या शहरांत मुहतसिब नावाचा अधिकारी बाजारात वजनं-मापं तपासायचा, दुधात पाणी घालणाऱ्याला पकडायचा. तिचीच दुसरी बाजू अशी की ईश्वराच्या हक्काचा भंग होत असेल तर कुणीही मुसलमान, स्वतःचं काही नुकसान झालेलं नसताना, काझीकडे जाऊ शकतो. आपल्या जनहित याचिकेशी तिचं साम्य डोळ्यांत भरण्यासारखं आहे: दोन्हींत दारावरचा पहारा सैल होतो, आणि आत कोण येईल हे मग दार उघडणाऱ्याच्या हातात राहत नाही.

गिझाच्या प्राथमिक न्यायालयाने २७ जानेवारी १९९४ रोजी अर्ज फेटाळला. अर्जदाराचा थेट, व्यक्तिगत हितसंबंध नाही, आणि दिवाणी प्रक्रियेचा कायदा तो मागतो, एवढंच कारण. कोरडं, तांत्रिक, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं. अपिलात हे उलटलं. अपील न्यायालय म्हणालं की लग्नाच्या बाबतीत कायदा हनफी मताचा, तर अर्ज कुणी करावा हेही त्याच मताने ठरेल. म्हणून हिस्बा चालेल.

मग आला खरा कळीचा युक्तिवाद. तेव्हाच्या १९७१ च्या घटनेचं कलम ४६ श्रद्धेचं स्वातंत्र्य देत होतं. न्यायालयाने त्याला वळसा घातला तो असा: श्रद्धा अंतःकरणात असते, तिथे आम्ही डोकावत नाही, धर्मत्याग मात्र बाह्य कृती आहे आणि ती पुराव्याने सिद्ध होते. पुरावा काय, तर छापलेली पुस्तकं. अर्श आणि कुर्सी (ईश्वराचं सिंहासन, आसन), जिन्न (अदृश्य जीव) यांचे शब्दशः अर्थ न घेणं, कुरआनाला मानवी संस्कृतीशी जोडणं, वारसा आणि जिझिया (बिगरमुसलमानांवरचा कर) यांच्या आयती इतिहासाच्या संदर्भात वाचणं, अशा गोष्टी न्यायालयाने मोजल्या आणि निष्कर्ष काढला. ज्या माणसाने आयुष्यभर सांगितलं की संहिता स्वतः बोलत नाही, तिला वाचणारा बोलतं करतो, त्याच्या संहितेतून तीन न्यायाधीशांनी वाक्यं वेचली, त्यांच्या आगेमागेचं सोडलं, आणि ‘अर्थ उघड आहे’ असं म्हटलं.

त्या निकालाच्या अवघे दोन आठवडे आधी, ३१ मे १९९५ रोजी, कैरो विद्यापीठाने नव्या समितीच्या अहवालावरून अबू झैद यांना पूर्ण प्राध्यापक केलं होतं. एका सरकारी संस्थेने ज्या लेखनाला बढती दिली, त्याच लेखनावरून दुसऱ्या सरकारी संस्थेने लग्न मोडलं.

हनफी मताप्रमाणे त्यांनी कोर्टात उभं राहून कलमा म्हटला असता तर मार्ग निघाला असता. ते गेले नाहीत. आपण मुसलमान आहोत हे ते जाहीरपणे सांगत होतेच. पण न्यायाधीशासमोर तपासणीसाठी म्हणून ते म्हणायचं, तर तपासणीचा त्याचा अधिकारच मान्य करायचा. इथे मला पुण्याचं पंचहौद मिशनचं प्रकरण आठवतं. १८९० मध्ये त्या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा पुढे आला, नावं छापून आली, ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, झालं, आणि घरच्यांची कोंडी सोडवण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतलं. रानड्यांवर त्यांच्या सुधारक मित्रांनी त्यासाठी टीका केली. पण बहिष्काराची झळ घरातल्या माणसांना कशी लागते हे ज्याला ठाऊक आहे, तो ती टीका सहजी करणार नाही. अबू झैद यांनी दुसरा रस्ता घेतला, आणि त्याचीही किंमत घराने दिली.

तिचं म्हणणं

इब्तिहाल युनिस या खटल्यात प्रतिवादी होत्या. म्हणजे नाव होतं, कागद मिळत होते. पण युक्तिवादाच्या मांडणीत त्या एक संरक्षण द्यायची वस्तू होत्या: मुसलमान बाईला मुर्तदाच्या घरात राहू देणं हा ईश्वराच्या हक्काचा भंग. त्या स्वतः नवऱ्याला मुसलमान मानतात की नाही, त्यांना वेगळं व्हायचंय की नाही, याला त्या तर्कात जागाच नव्हती. त्या शेवटपर्यंत नवऱ्यासोबत राहिल्या.

याच हनफी नियमाचा भारतातला इतिहास शेजारी ठेवला की चित्र आणखी विचित्र दिसतं. हनफी मतात बाईला तलाक मिळवणं फार अवघड. म्हणून एकोणिसाव्या-विसाव्या शतकात पंजाबात आणि इतरत्र कित्येक मुसलमान बायकांनी कागदोपत्री धर्म सोडल्याचं जाहीर करून नकोशी लग्नं मोडली. धर्मत्यागाने निकाह आपोआप संपतो, हाच तो नियम. उलेमा हादरले. मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी या दुसऱ्या सुन्नी कायदेपंथातली सवलत घेऊन बायकांना इस्लाममध्ये राहूनच सुटका मिळावी असा मार्ग काढला, आणि त्या चर्चेतून १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा झाला. त्यात विच्छेदाची कारणं वाढवली आणि चौथ्या कलमाने बाईने नुसता धर्म सोडला म्हणून लग्न मोडणार नाही असं ठरवलं. भारतात त्या नियमाचा आधार अडकलेल्या बाईने स्वतःच्या सुटकेसाठी घेतला. कैरोत तोच नियम तिऱ्हाइताने सुखाने नांदणाऱ्या बाईवर चालवला. ग्रंथातलं वाक्य तेच. कुणाच्या हातात आहे यावर सगळं ठरलं.

दार अर्धं लोटलं

निकालानंतर इजिप्शियन इस्लामिक जिहादने अबू झैद यांना ठार मारायची हाक दिली. घराला पोलिसांचा पहारा बसला. विद्यापीठात जायचं तेही पोलिसांच्या गराड्यात. २३ जुलै १९९५ रोजी दोघांनी देश सोडला. आधी स्पेन, मग नेदरलँड्समधलं लायडन.

जगभर नाचक्की झाल्यावर सरकार हललं. १९९६ च्या जानेवारीत नवा कायदा आला: हिस्बाचा अर्ज आता खासगी माणसाने थेट न्यायालयात करायचा नाही, सरकारी वकिलाकडे द्यायचा आणि पुढे न्यायचं की नाही ते त्याने ठरवायचं. हिस्बा रद्द झाली नाही, तिच्यावर सरकारचा चौकीदार बसला. अबू झैद यांना त्याचा फायदा मिळाला नाही. ५ ऑगस्ट १९९६ रोजी कॅसेशन न्यायालयाने, म्हणजे दिवाणी-फौजदारी प्रकरणांतल्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, अपिलाचा निकाल कायम केला. त्यानंतर सप्टेंबरमध्ये गिझाच्या न्यायालयाने अंमलबजावणीला स्थगिती दिली. म्हणजे कागदावर धर्मत्याग सिद्ध, लग्न संपलेलं, पण त्यांना वेगळं करायला कुणी पोलीस येणार नाही. इतकी सरकारी तडजोड फार क्वचित बघायला मिळते.

नवा कायदा २००१ मध्ये उपयोगी पडला. लेखिका नवाल अल-सादावी यांचं लग्न मोडावं म्हणून एका वकिलाने असाच अर्ज केला. सरकारी वकिलाने तो पुढे नेला नाही, तरी प्रकरण कोर्टात उभं राहिलं, आणि शेवटी अर्जदाराला तो अधिकारच नाही म्हणून फेटाळलं गेलं.

आणि शाहीन? त्यांनी १९९८ मध्ये ‘अबी आदम’ नावाचं पुस्तक लिहिलं. कुरआनातल्या ‘बशर’ आणि ‘इन्सान’ या दोन शब्दांत भेद करून त्यांनी मांडलं, की आदम हा पहिला मानव नव्हे, त्याच्या आधीही मानवसदृश प्राण्यांच्या पिढ्या झाल्या. थोडक्यात, आधुनिक विज्ञानाशी जुळवून घेण्यासाठी शब्दांचा अर्थ नव्याने लावला. लगेच त्यांच्यावरही धर्मद्रोहाचा आरोप झाला आणि प्रकरण कोर्टाच्या दारात गेलं. त्यांच्याविरुद्ध पुढे होते शेख युसुफ अल-बद्री, हिस्बाच्या लढायांतलं गाजलेलं नाव. शाहीन त्यातून सुटले. दुसऱ्याचं हसं करण्याचा मोह मला इथे होतो, पण त्या पुस्तकात त्यांनी जे केलं ते एका अभ्यासकाचं काम होतं, बरोबर असो वा चूक.

लायडनमध्ये अबू झैद यांनी शिकवलं, २००२ पासून उट्रेख्टला इब्न रुश्द यांच्या नावाच्या अध्यासनावर काम केलं, आणि स्वतःच्या मताला मुरड घातली. कुरआनाला ‘संहिता’ म्हटलं की तो एक बंद ग्रंथ होतो आणि मग ज्याला जे हवं ते त्यातून काढता येतं, असं त्यांना वाटू लागलं. त्याऐवजी कुरआन हा अनेक संवादांचा समूह आहे, कधी प्रेषिताशी, कधी मक्केच्या विरोधकांशी, कधी ज्यूंशी, कधी ख्रिश्चनांशी चाललेला, आणि प्रत्येक संवादाचा सूर वेगळा, असं ते म्हणू लागले. ज्या पुस्तकासाठी त्यांनी देश गमावला त्याच्या मध्यवर्ती शब्दालाच त्यांनी मागे टाकलं. कोर्टात हे कुणी नोंदवलं नाही, कारण तोवर कोर्टाचं काम संपलं होतं.

पुढे ते इजिप्तला येऊन-जाऊन राहू लागले, पण दारं बंद होण्याचं थांबलं नाही. डिसेंबर २००९ मध्ये व्याख्यानांसाठी कुवेतला गेले असता त्यांना विमानतळावरूनच परत पाठवलं. २०१० मध्ये इंडोनेशियाच्या दौऱ्यात अनोळखी विषाणूची बाधा झाली आणि ५ जुलैला कैरोच्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं. त्याच दिवशी त्यांना कुहाफामध्ये माती देण्यात आली. हनफी ग्रंथांप्रमाणे मुर्तदाला मुसलमानांच्या कबरस्तानात जागा नसते, आणि १९९६ चा निकाल तोवर कुणीही उलटवलेला नव्हता. गावाने तो विचारला नाही.